पोळ्याची कर आणि एक जून

आमच्या पिढीच्या निम्म्या महाराष्ट्राचा वाढदिवस एक जूनला येतो. यात ग्रहांचा काही संबंध नाही, संबंध आम्हा मास्तरांचा आहे. शाळा जूनमध्ये उघडायच्या. बाप पोराला घेऊन यायचा, जन्मतारीख विचारली की आभाळाकडे बघायचा. मग पोराला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला सांगायचं. कान हाताला लागला की सहा वर्षे पूर्ण, आणि दाखल-खारीज रजिस्टरात तारीख एक जून. मीही अशा शेकडो नोंदी केल्या. पोरगं शाळेत बसणं महत्त्वाचं होतं, तारखेवाचून कुणाचं अडत नव्हतं. जन्ममृत्यूच्या नोंदणीचा कायदाच मुळी १९६९ सालचा. मी स्वतः एक जूनचा, त्यामुळे नियमाप्रमाणे ३१ मे ला निवृत्त झालो. त्या दिवशी राज्यातले किती गुरुजी एकदम घरी बसतात ते शिक्षण खात्याला विचारा!

आमच्या सौ.चीही तारीख अर्थातच एक जून, साल १९५४. वसमत तालुक्यातलं खेड्यातलं माहेर, शिक्षण चौथी. वाढदिवस वगैरे प्रकार आमच्याकडे नातवंडं आल्यावर सुरू झाले. तिला कुणी विचारलं की ती म्हणायची, "माझा खरा दिवस पोळ्याच्या करीचा. पण कोणत्या सालचा कुणाला ठाऊक!"

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या उन्हाळ्यात, नात सुट्टीला आली होती. आजीची चौकशी करता करता तिने आजीच्या आईचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं, एक वाक्य काढून घेतलं. मी ते लग्नापासून ऐकत होतो, पण कधी कान देऊन ऐकलं नव्हतं. "करीच्या दिशी झालीस. तुझा बाप बैलं घेऊन वाईला गेलता. अन् त्याच दिशी धोंडा लागला. नणंदेच्या मालकाला धोंडे खायला बोलवायचं ठरलं होतं, अन् मीच बाळंतीण!" वाई म्हणजे आमच्याकडची वाई गोरखनाथ. पोळा झाला की लोक बैलांना तिथे दर्शनाला नेतात.

नात म्हणाली, "आजी, धोंडा म्हणजे अधिक महिनाच ना? मग सोपं आहे."

आणि खरंच सोपं होतं. पोळा श्रावण अमावास्येला. दुसऱ्याच दिवशी धोंडा लागला, म्हणजे त्या वर्षी अधिक भाद्रपद. तो काही दर तिसऱ्या वर्षी येत नाही. कालनिर्णय १९७३ पासूनचं, त्याचा उपयोग नव्हता, पण नातीच्या मोबाईलमध्ये मागची सगळी पंचांगं निघाली. अधिक भाद्रपद १९५५ साली होता, त्यानंतर थेट १९७४ साली. १९७४ साली आमचं लग्न झालेलं होतं, तेव्हा तो प्रश्न मिटला. १७ ऑगस्ट १९५५ ला पोळा आणि १८ ऑगस्टला अधिक भाद्रपद प्रतिपदा. वार गुरुवार.

सौ. काही वेळ गप्पच होती. मग म्हणाली, "म्हणजे आई बरोबर सांगत होती."

सासूबाईंना जाऊन पस्तीसेक वर्षं झाली. त्यांना अक्षरओळख नव्हती. त्या काळात आमची हिंगोली परभणी जिल्ह्यात होती आणि परभणी हैदराबाद राज्यात. पुढे १९५६ ला मुंबई राज्य आलं, १९६० ला महाराष्ट्र, १९९९ ला हिंगोली जिल्हा. शाळेचं रजिस्टर, रेशनकार्ड, आधार, सगळीकडे एक जून १९५४. ती सगळी कागदपत्रं चुकीची आणि त्या बाईचं एक वाक्य दिवसासकट बरोबर. मी बी.ए. झालेला माणूस, पण इतकी नेमकी नोंद माझ्या हातून कधी झाली असेल असं वाटत नाही.

आधार दुरुस्त करू नकोस एवढा सल्ला मात्र मी तिला दिला. पंचाहत्तरीला एसटी फुकट होते, ती तिला सव्वा वर्ष आधी मिळेल!

तर १८ ऑगस्टला सत्तरी. भटजी म्हणाले भीमरथी शांत करा. मुलगा म्हणाला हॉटेलात जेवू. सौ.ने शांत नको म्हटलं, होमाच्या स्वयंपाकाला पुन्हा तीच उभी राहणार होती. पण हॉटेलातही अडचण निघाली. तो नेमका श्रावणी सोमवार. तिचा दिवसभर उपास, चातुर्मासात कांदा-लसूण बंद, आणि दिवेलागणीला सोमवार सोडायचा. शिवाय त्या आठवड्यात पावसाने कहर केला होता, मुखेडकडून पुराच्या वाईट बातम्या येत होत्या. तिला जायचं जिवावर आलं होतं. पण मुलगा, सून, नातवंडं पुण्याहून मुद्दाम आली होती. शेवटी घरी औक्षण करून साडेसहालाच निघालो.

आमच्या तरुणपणी हॉटेल म्हणजे पुरुषांनी चहा पिण्याची जागा. बायका आत पाऊल टाकत नसत. म्हणूनच आमच्या गावांकडे पाट्यांवर अजून 'फॅमिली रेस्टॉरंट' असं ठळक लिहितात. त्या वेळी तिथे आमच्याशिवाय कुणी नव्हतं. वेटर पोराने विचारलं, "आजी, तुम्हाला काय?" तर ही म्हणाली, "ह्यांना विचार." मग नातवाला काय आवडतं ते सांगितलं, सुनेला तिखट चालत नाही तेही सांगितलं. स्वतःचं काही नाहीच. पन्नास वर्षं सगळ्यांना वाढून मागून बसलेली बाई. ताटं आल्यावर दोनदा वाढायला उठली. नातीने शेवटी तिला भिंतीकडच्या खुर्चीत, मधोमध कोंबली. केक कापला, पण मेणबत्ती विझवायला नको म्हणाली. ती बिचारी आपली आपण संपली.

कांदा-लसणाशिवाय काय मिळेल याची चौकशी चालू असताना मालक बाहेर आले. आमचाच विद्यार्थी निघाला, आता पन्नाशीचा. पाया पडला, आचाऱ्याला बाजूला करून स्वतः साधं वरण फोडणीला टाकलं, वर तूप घालून घेऊन आला. त्या वरणभातावर तिने सोमवार सोडला आणि दुसऱ्यांदा वरण मागून घेतलं. घरी ती कधी मागून घेत नाही, कारण मागायचं कुणाकडे?

सत्तरी कशी काढली हे नातीने त्याला रंगवून सांगितलं. तो हसला. "सर, माझी एक जून तुम्हीच लावलेली आहे."

सौ.ने ताटातला हात थांबवला. "तुझी आई आहे का रे?"

"आहे की. थकलीय."

"मग काय सांगते ती?"

"कधी विचारलंच नाही, काकू."

"आजच विचार," ती म्हणाली. "उद्यावर टाकू नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला, माझ्यासाठी नव्हे, काकूंसाठी. आई म्हणते, हळद शिजवायची चालली होती, कढई चुलाणावर होती, आणि शिवरात्रीला चार दिवस होते. बहात्तरच्या दुष्काळानंतरचं दुसरं की तिसरं वर्ष, ते तिला नक्की आठवत नाही. सौ.ने ते सगळं कालनिर्णयाच्या मागच्या पानावर लिहून घेतलं आहे आणि नातीला फोन लावला आहे.