पासंग

आपली चूक कबूल करणें मनुष्यास जड जातें, ही गोष्ट नवी नाहीं. परंतु जी चूक आपली नव्हेच ती आपल्या माथीं घेऊन वर्षानुवर्षें खालमानेनें वावरणें हेंही तितक्याच सहजपणें घडतें. हें दुसरें सत्य आम्हांस एका कॅमेऱ्यानें शिकविलें, आणि त्याची फी मात्र जबर घेतली.

आमचें बिऱ्हाड शाहूपुरींत आहे. शाहू महाराजांनीं १८९५ सालीं वसविलेली ही पेठ गुळाच्या व्यापारानें नांवारूपास आली. आमच्या गल्लींतील जुन्या मंडळींच्या बोलण्यांत गुळाचे रवे, अडत आणि तराजू हे शब्द अजूनही सहज येतात. अशा तोलामापाच्या पेठेंत राहून आम्हांस छायाचित्रणाचा नाद लागला. आठ वर्षांपूर्वीं आम्हीं आरशाचा एक डिजिटल कॅमेरा आणि त्यास पन्नास मिलिमीटरचें, एफ १.८ छिद्राचें भिंग घेतलें.

त्याच सालीं आमचे वडील पंचाहत्तर वर्षांचे झाले. वाढदिवसाच्या सकाळीं त्यांस सज्जांत बसवून आम्हीं बारा छायाचित्रें काढलीं. मान किंचित् वळवून ते प्रसन्न मुद्रेनें बसले होते. कॅमेऱ्याच्या इवल्याशा पडद्यावर तीं चित्रें पाहिलीं तोंवर सर्व मंगल होतें. संगणकावर मोठीं करून पाहतों तों वडिलांच्या कानाची पाळी आणि तिच्यावरचा केंस न् केंस स्पष्ट, आणि डोळे मात्र धुक्यांत! आमचा हात हलला असावा असें आम्हीं ठरविलें. आमच्या सौभाग्यवतींनीं त्यावर चहा कमी करण्याचा उपाय सुचविला. वडील एवढेंच म्हणाले, "कान तर झकास आलाय. पुढच्या वेळी डोळे काढ म्हणजे झालं."

ती पुढची वेळ आली नाहीं. त्याच वर्षीं ऐन पावसाळ्यांत ते गेले. भिंतीवर लावण्याजोगें चित्र शोधूं लागलों तेव्हां त्या बारांपलीकडे आमच्यापाशीं दुसरें कांहीं नव्हतें. त्यांतलेंच एक लावलें. जातांयेतां त्याकडे पाहून आपला हात ऐन वेळीं दगा देणारा आहे, असा आमचा ग्रह पक्का होत गेला आणि कॅमेरा कपाटांत पडून राहिला.

पुढें एका भाद्रपदाच्या तोंडावर मुलाच्या आग्रहास्तव तो बाहेर निघाला. शाहूपुरींतल्या कुंभार गल्लींत गणपतीच्या मूर्तींची रंगकामें चाललीं होतीं. एक वृद्ध कारागीर श्वास रोखून मूर्तीचे डोळे आंखीत होता. आम्हीं नेम धरला तो त्या डोळ्यांवरच. घरीं येऊन पाहतों तों डोळे पुसट, आणि मागचे सुपाएवढे कान मात्र कोरून काढल्यासारखे. पुन्हां कानच!

शेजारचे अण्णा त्या वेळीं आमच्याकडे बसले होते. त्यांची हयात गुळाच्या अडतींत गेलेली. त्यांनीं तें चित्र पाहिलें, भिंतीवरचें वडिलांचें पाहिलें आणि म्हणाले, "दोन्ही बारीला कानच व्हय? मग तुमचा हात न्हाई मास्तर. हात चुकला तर कवा हिकडं, कवा तिकडं चुकंल. एकाच अंगाला चुकतंय म्हंजे पासंग हाय."

आम्ही चकित झालों. हात हलला असता तर डोळ्यांबरोबर कानही हलला असता, हा साधा विचार आम्हां शिकल्यासवरल्या माणसास इतकीं वर्षें सुचला नव्हता. तराजूचीं दोन पारडीं रिकामीं असतांही एक खालीं झुकतें. व्यापारी दुसऱ्यांत एखादा खडा टाकून तीं समान करतो. तो खडा म्हणजे पासंग, आणि तो फरकही पासंगच. तराजू त्यामुळें टाकाऊ ठरत नाहीं. फरक किती, तें मात्र ठाऊक असावें लागतें.

मग आम्हीं या यंत्राचें अंतरंग समजून घेतलें. आरशाच्या कॅमेऱ्यांत भिंगांतून आलेला बहुतेक प्रकाश आरशावरून वर, आपल्या डोळ्यांकडे जातो. आरशाचा मधला भाग अर्धपारदर्शक असतो. तेथून पार गेलेला प्रकाश मागच्या एका लहान आरशावरून कॅमेऱ्याच्या तळाशीं असलेल्या फोकस-संवेदकावर पडतो. भिंगाच्या दोन कडांकडून आलेल्या प्रतिमा तेथें ताडून पाहिल्या जातात आणि भिंग कोणत्या दिशेस किती सरकवावें तें ठरतें. चित्र मात्र उमटतें दुसऱ्याच संवेदकावर, आरसा वर उचलला गेल्यानंतर. हीं दोन अंतरें तंतोतंत सारखीं हवींत. त्यांत अथवा भिंगाच्या जुळणींत अल्पसा फरक पडला कीं नेम नित्य पुढें किंवा नित्य मागें लागतो. छिद्र लहान असेल तर हा दोष झांकला जातो. परंतु एफ १.८ वर, सव्वा मीटर अंतरावरून, आमच्यासारख्या लहान संवेदकाच्या कॅमेऱ्यांत स्पष्टतेची एकूण खोली अवघी साडेचार सेंटिमीटर भरते. डोळा आणि कान यांतलें अंतर तेवढेंच!

स्वयंचलित फोकसचा कॅमेरा १९८५ च्या मिनोल्टा ७००० पासून लोकप्रिय झाला. हा पासंग काढण्याची सोय मात्र २००७ सालीं कॅनन व निकॉन यांनीं आपल्या वरच्या श्रेणींत दिली, आणि मागाहून ती इतर कॅमेऱ्यांतही आली. आमच्याही कॅमेऱ्याच्या यादींत ती होती. आम्हीं तें पान कधीं उघडलेंच नव्हतें.

एका रविवारीं सज्जांत प्रयोग मांडला. तिपाई घट्ट रोंवली. वर्तमानपत्राचा मोठा मथळा पुठ्ठ्यावर चिकटवून भिंगाच्या अगदीं समोर उभा केला आणि त्याच्या कडेस मुलाची फूटपट्टी तिरपी ठेवली. छिद्र पूर्ण उघडें, फोकसचा मधलाच ठिपका आणि कळ दाबण्यास दोन सेकंदांचा विलंब. प्रत्येक वेळीं भिंग मुद्दाम बिघडवून कॅमेऱ्यास नव्यानें नेम धरावयास लावला. कारण एका चित्रावरून निर्णय करणें म्हणजे एका शितावरून भाताची परीक्षा. येथें तें चालत नाहीं. दहा चित्रांपैकीं नऊंत मथळा पुसट आणि पट्टीवरचे मथळ्यामागचे आंकडे ठळक. मागें लागणारा नेम पुढें आणावयाचा, म्हणून अधिक वीस ते उणे वीस या मोजपट्टीवर आम्ही उणे बाजूस सरकत गेलों. उणे बारावर मथळा लख्ख उमटला.

उणे बारा! एवढ्याशा आंकड्यासाठीं आम्हीं स्वतःस आठ वर्षें दोषी ठरविलें होतें.

या उपायासही मर्यादा आहेत. एका भिंगाचा पासंग दुसऱ्यास चालत नाहीं. एकाच भिंगाचा जवळचा आणि दूरचा पासंगही निराळा असूं शकतो. ज्या अंतरावरून आपण नेहमीं चित्रें घेतों तेथेंच तो काढावा. आजच्या बिनआरशाच्या कॅमेऱ्यांत चित्राच्या संवेदकावरच फोकस ठरत असल्यानें ही खटपट सहसा उरत नाहीं. तरीही याच कोल्हापुरांत बाबूराव पेंटर यांनीं दामले यांच्या साहाय्यानें १९१८ सालीं आपला चलच्चित्रांचा कॅमेरा स्वतः घडवून पुरा केला, ही गोष्ट त्या रविवारीं आम्हांस वारंवार आठवली. ज्यांनीं कॅमेरा घडविला त्यांना त्याचा गुणदोष बोटांनीं ठाऊक असणार. आम्हीं तो नुसता विकत घेतला, आणि म्हणून त्याच्यावर अंधविश्वास टाकला व स्वतःवर अविश्वास.

वडिलांचें चित्र कांहीं सुधारत नाहीं. पासंग पुढच्या मापाचा काढतां येतो. झालेली मापें परत होत नाहींत. तें चित्र भिंतीवरून उतरवावें असें क्षणभर मनांत आलें, पण उतरविलें नाहीं.

त्याच संध्याकाळीं आईस सज्जांत त्याच खुर्चींत बसविलें. तिनें आपला चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "नीट येऊ दे हो, ह्यांच्यासारखं नको." एकच चित्र घेतलें. मोठें करून पाहिलें, तों तिच्या बुबुळांत सज्जाचा कठडा दिसत होता आणि कठड्याशीं कॅमेरा धरून उभी असलेली एक लहानशी आकृति. तिचा हात हललेला नव्हता.