गाडी डावीकडे ओढते

अब्बांच्या हातून गाडीची किल्ली काढून घ्यायची, असे आमच्या घरात २००६ च्या मे महिन्यात ठरले. ठरवणारे आम्हीच. धाकटा भाऊ सोबतीला होता, अम्मीचा मूक होकार होता, आणि अब्बांना अर्थातच यातले काही सांगितलेले नव्हते. अब्बा तेव्हा अडुसष्ट वर्षांचे. गाडी वीस वर्षांची. १९८६ ची प्रीमियर पद्मिनी, पांढरी, हाताच्या गिअरची. मोहल्ल्यात तिला पद्मिनी कुणी म्हणत नसे, सगळे फियाटच म्हणत.

कारणही तसेच होते. दोन महिन्यांत गाडी दोनदा घासली होती आणि दोन्ही वेळा डाव्या बाजूने. पहिल्यांदा घाटकोपरला बहिणीकडून परतताना असल्फाच्या वळणावर, उसाच्या रसाच्या हातगाडीला. रसवाला भला माणूस, दोनशे रुपयांत मिटले. दुसऱ्यांदा मरोळला, आमच्याच इमारतीच्या फाटकाच्या खांबाला. त्या वेळी पुढच्या सीटवर आमची सात वर्षांची भाची बसलेली होती. तिला खरचटलेही नाही, पण त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही.

अब्बांच्या एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले होते, दुसऱ्याचे बाकी होते. विचारले की त्यांचे एकच उत्तर, "गाडी डावीकडे ओढते. वळवली की परत येत नाही." वर आम्हालाच विचारत, "पुढून खट् खट् येते ते तुम्हाला ऐकू येत नाही का?" येत होते. पण वीस वर्षांची गाडी खडखडणारच, असे आम्ही धरून चाललो होतो. भाऊ स्वयंपाकघरात हळूच म्हणाला, "नाचता येईना अंगण वाकडे." हळूच म्हणाला, पण आमचे घर दीड खोलीचे. अब्बांनी ऐकले असावे. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

या गाडीबद्दल कुणी वेडेवाकडे बोललेले त्यांना खपत नसे. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्समध्ये त्यांनी सव्वीस वर्षे काढली होती, रंगाच्या खात्यात. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेली ही कंपनी. इटलीच्या फियाटची अकराशे डिलाइट इथे १९६४ पासून तयार होऊ लागली, आणि पुढे सत्तरच्या दशकात तिलाच पद्मिनी हे नाव मिळाले. आज लालबहादूर शास्त्री मार्गावरून गेले तर कारखान्याच्या जागी कोहिनूर सिटीच्या इमारती दिसतात. एके काळी या गाडीसाठी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून बसत. तिला रंग देणाऱ्याच्या ऐपतीत ती अर्थातच नव्हती. अब्बांनी घेतली ती निवृत्त झाल्यावर, फंडाच्या पैशातून, आणि तीही सेकंडहँड. घेतल्यावर सगळा रंग खरवडून स्वतःच्या हाताने पुन्हा दिला. ओरखडा पडला की बोटाने चाचपून ते किती थर गेले ते सांगत. मात्र रंगाच्या खाली, चाकांच्या आत काय चालते, हा त्यांचा प्रांत नव्हता.

किल्लीचा विषय काढायचा कसा, या विवंचनेत असताना एक सबब मिळाली. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, त्यापुढे दर पाच वर्षांनी गाडी आरटीओला दाखवून ती वाढवून घ्यावी लागते. आमची मुदत त्याच वर्षी संपत होती. आम्ही मनाशी म्हटले, गाडीच नापास झाली तर आपल्याला वाईटपणा घ्यायला नको. आता हे लिहिताना लाज वाटते, पण मनात होते ते हेच.

तरी दाखवण्यापुरती म्हणून गाडी एका मोठ्या, काचेच्या केबिनवाल्या वर्कशॉपमध्ये नेली. तिथल्या मुलाने एक चक्कर मारली, आवाज ऐकला आणि सांगितले, शॉकअप गेले. दोन्ही शॉकअप बदलले, चाकांचे अलाइनमेंट, बॅलन्सिंग केले. बिल सहा हजारांच्या पुढे गेले. घरी येताना पहिल्या पेव्हर ब्लॉकवर चाक चढले आणि खट् झाले. अब्बा शेजारी बसले होते. बोलले काही नाहीत, नुसते आमच्याकडे पाहिले.

मग ते स्वतःच म्हणाले, "सीएसटी रोडला जाऊ."

कुर्ल्याहून कालिन्याकडे जाणारा हा रस्ता. या सीएसटीचा स्टेशनाशी संबंध नाही. १९२८ ते १९३४ एवढीच सहा वर्षे चाललेल्या सेंट्रल साल्सेट ट्रामवेचे नाव त्याच्यात राहून गेले आहे. रेल्वे गेली आणि जुन्या गाड्यांचे सुटे भाग आले. तिथे अब्बांच्या ओळखीचे एक उस्ताद होते. दुकान म्हणजे एक पत्रा, त्याच्याखाली एक खड्डा आणि एक चेला.

उस्तादांनी गाडी चालू केलीच नाही. आधी चारी कोपऱ्यांवर एकेकदा वजन टाकून सोडून दिले. गाडी एकदा वर आली आणि थांबली. म्हणाले, शॉकअप बाद असता तर ती झुलत राहिली असती. जुनेही बहुधा बरे असतील. (आमचे सहा हजार!) मग अब्बांना स्टिअरिंगवर बसवले. इंजिन बंद, चाके जमिनीवर. "चाचा, थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे, हलवत राहा." स्वतः खाली गेले आणि आम्हालाही वाकायला लावले. स्टिअरिंगच्या दांड्यापासून चाकापर्यंत एकेक सांध्यावर ते बोट ठेवत गेले. सांध्याची एक बाजू हलली आणि दुसरी तेवढ्यातल्या तेवढ्यात हलली नाही, म्हणजे तिथे प्ले आहे. स्टिअरिंग बॉक्स ठीक होता. डावीकडच्या टाय रॉडचा बाहेरचा बॉल मात्र आपल्या वाटीत गोल गोल नाचत होता. अर्धा आवाज तिथला होता.

उरलेला अर्धा शोधायची रीत आमच्या अजून लक्षात आहे, जुनी गाडी बाळगणाऱ्यांना उपयोगी पडेल म्हणून सांगतो. पुढचे डावे चाक जॅकवर उचलले. उस्तादांनी एक हात चाकाच्या माथ्यावर, दुसरा तळाशी धरून ते आत-बाहेर हलवले. चाक डुगडुगले. "हे बेअरिंगही असू शकतं, किंगपिनही," ते म्हणाले आणि अब्बांना ओरडून सांगितले, "चाचा, ब्रेक दाबून धरा." ब्रेक दाबल्यावर ड्रम जागच्या जागी पकडला जातो, बेअरिंगची ढिलाई असेल तर हलणे थांबते. आमचे चाक तसेच डुगडुगत राहिले. म्हणजे किंगपिन. चाक ज्या उभ्या खिळ्याभोवती वळते तोच झिजलेला. पण गंमत पुढेच होती. चाक हाताने वळवून पाहिले तर एका जागी डुगडुगणारे तेच चाक वळायला मात्र जड, अडकत अडकत जाणारे. ग्रीसच्या निप्पलला गन लावली तर ग्रीस आत जाईना. खोलल्यावर खिळ्यावरून तपकिरी पाणी आले.

उस्ताद उठून हात पुसत म्हणाले, "२६ जुलैला गाडी कुठे होती?"

मुंबईत कुणाला हा प्रश्न दोनदा विचारावा लागत नाही. २००५ च्या त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. अब्बा कुर्ल्याहून निघाले होते आणि याच सीएसटी रोडवर, कालिन्याजवळ, गाडी सोडून छातीभर पाण्यातून चालत रात्री दीडला घरी पोचले होते. गाडी दोन दिवस बॉनेटपर्यंत पाण्यात. नंतर आम्ही इंजिन खोलले, ऑइल बदलले, सीटा गच्चीवर वाळवल्या, वायरिंग नवे घातले. चाकांकडे कुणी पाहिलेच नाही. मिठीचे पाणी आतले ग्रीस धुऊन गंज ठेवून गेले होते. डावीकडचा किंगपिन जाम, त्याच बाजूच्या ब्रेकचा सिलिंडरही अर्धा चिकटलेला. गाडी डावीकडे वळवली की चाक आपणहून सरळ होत नव्हते, ओढून आणावे लागत होते. ब्रेक मारला की पुन्हा डावीकडेच.

रस्ते मधून उंच आणि कडेला उतरते बांधलेले असतात, त्यामुळे गाडी डावीकडे किंचित कलतेच. अब्बा गेले दहा महिने हे सगळे एकट्या हातांनी सावरत होते, आणि आम्ही त्यांचे डोळे तपासत होतो.

दोन्ही बाजूंचे किंगपिन, त्यांचे बुश, टाय रॉडचे टोक, ब्रेकचे सिलिंडर. भाग समोरच्याच दुकानांत मिळाले. बुश बसवल्यावर लेथवाल्याकडे नेऊन रीमर मारून घेतले, कारण खिळा हाताने घट्ट सरकला पाहिजे, ठोकून नव्हे. दोन दिवस लागले. मजुरीसकट तीन हजारांच्या आत. उस्तादांनी चक्कर मारायला किल्ली आमच्यापुढे धरली. आम्ही ती अब्बांकडे दिली. साकीनाक्याला मरोळकडे डावीकडे वळताना अब्बांनी वळण घेतले आणि हात सैल सोडले. स्टिअरिंग त्यांच्या तळव्यांतून सरसरत आपणहून सरळ झाले. आम्ही माफी मागायची म्हणून तोंड उघडले तर म्हणाले, "बोलू नको, आवाज ऐकू दे." आवाज नव्हता. आरटीओतही गाडी पास झाली.

भावाने मात्र माफी मागितली नाही. त्याने मागच्या सीटला नवी कव्हरे आणून दिली.

आणखी पाच वर्षे अब्बांनी ती चालवली. एव्हाना अंधेरी-घाटकोपर रस्त्यावर मेट्रोचे खांब उभे राहत होते, अर्धा रस्ता पत्र्यांनी अडवलेला. पुढे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली, तेव्हा वर्तमानपत्रांत तिचे फोटो आले. आमची त्याच्या कितीतरी आधी गेली. २०११ साली नोंदणीची मुदत पुन्हा जवळ आली होती. एका संध्याकाळी मगरिबनंतर अब्बा घाटकोपरहून एकटे परतले. पुढच्या डाव्या मडगार्डवर मेट्रोच्या पत्र्याचा लांब ओरखडा होता. या वेळी त्यांनी तो बोटाने चाचपला नाही. किल्ली टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "आज गाडी सरळच होती."

आम्ही दुसऱ्या दिवशी ती तपासून घेतली, चाक जॅकवर उचलून, ब्रेक दाबून. काही निघाले नाही.

गाडी पावसाळ्याआधी विकली. घेणाऱ्याला अब्बांनी ग्रीसचे निप्पल कुठे कुठे आहेत ते खाली वाकून दाखवले, आणि तो फाटकाबाहेर पडेपर्यंत, दर दोन महिन्यांनी गन मारत जा, हे त्याला तीनदा सांगितले.