तार आणि फळी यांच्यामधली जागा

"सर, मला बाखही वाजवायचाय आणि फ्लामेंकोतला बुलेरियासही. गिटार कोणती घेऊ?" नव्या विद्यार्थिनीने विचारलं. एरवी माझं उत्तर तयार असे: क्लासिकल घे, स्प्रूसच्या अखंड फळीची, फ्लामेंकोचं पुढे बघू. या वेळी ते ओठांवर येईना. अंगठ्याच्या मुळाशी संधिवाताने ठाण मांडलंय. उंच तारांवर खर्ज ठासून वाजवायला तो आता कां-कूं करतो, म्हणून हल्ली माझ्या मांडीवर फ्लामेंको गिटारच जास्त असते. त्या गिटारने मला काही गोष्टी नव्याने दाखवल्या.

लोक लाकडावर वाद घालतात. सायप्रसची फिकट 'ब्लांका' फ्लामेंकोची, शिसवीची काळसर क्लासिकलची, ही वाटणी सगळ्यांना पाठ आहे. एकोणिसाव्या शतकात अल्मेरियाच्या अंतोनिओ दे तोर्रेसने आजच्या गिटारचा घाट घडवला, तेव्हा सायप्रस हे स्पेनमध्ये सहज मिळणारं, स्वस्त लाकूड होतं. ऐपत असलेला शिसवी घेई. पुढे शिसवी पाठीची 'नेग्रा' फ्लामेंकोतही रुळली. 1992 साली ब्राझिलियन शिसवाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली, पण त्याआधीच स्पॅनिश कारागिरांच्या हाती भारतीय शिसव पोचला होता. आपल्या सह्याद्रीत वाढणारं झाड तिथे गातं, याचा मला अभिमान आहे. पण निवड लाकडावरून करू नये.

माझं घोडं अडतं ते तारेच्या उंचीपाशी. क्लासिकलमध्ये बाराव्या फ्रेटवर खर्जाची तार साधारण चार मिलिमीटर वर असते, फ्लामेंकोत तीनच्या आसपास. त्याहून मोठा फरक ब्रिजपाशी: क्लासिकलच्या तारा फळीपासून दहा-अकरा मिलिमीटरवर, फ्लामेंकोच्या आठच्या आसपास किंवा त्याहूनही खाली. गोल्पे, म्हणजे फळीवरचा ठोका, मारताना बोट तारेवरून थेट फळीवर पोचायला हवं; अल्सापुआत, म्हणजे अंगठ्याने वर-खाली छेडताना, अंगठा तारांत बुडता कामा नये. अंतर वाढलं की लय मागे पडते.

हे अंतर मान बसवतानाच तिच्या कोनाने ठरतं. सॅडल, म्हणजे ब्रिजवरची तारा टेकतात ती पट्टी, घासून क्लासिकलची फ्लामेंको करू पाहणारे मी पाहिलेत. एक मिलिमीटर घासा, बाराव्या फ्रेटवर जेमतेम अर्धा उतरतो. आणखी घासाल तर सॅडल खोबणीत बुडते, तारेचा तिच्यावरचा बाक कमी होतो आणि आवाज लुळा पडतो. उलट फ्लामेंकोवर हाडाची थोडी उंच सॅडल बसवली की तार वर येते, खरखर घटते आणि बाख वाजवता येतो. दोन्ही हवं असलेल्याने म्हणूनच फ्लामेंको घ्यावी, शक्यतो नेग्रा, आणि दोन सॅडल करून घ्याव्यात. उंची वाढवता येते, उतरवायला मात्र जागा उरत नाही.

दुकानांत मात्र साध्या क्लासिकलवर ठोक्यांपासून फळी वाचवणारा प्लॅस्टिकचा पातळ गोल्पेआदोर चिकटवून 'फ्लामेंको' म्हणून विकतात. मला त्याची चीड येते. विकत घेण्याआधी ब्रिजपाशी मोजपट्टी लावून बघा. ती खोटं बोलत नाही. तशीच चीड येते खरखरीला दोष म्हणणाऱ्या क्लासिकलवाल्यांची. जोरात वाजवताना तार फ्रेटला किंचित घासते, तीच त्या वादनाची धार आहे. तंबोऱ्याची जवारी ऐकत वाढलेल्या कानाला ती खुपू नये. तिथे ती घोडीवर जन्मते, इथे फ्रेटवर, एवढंच.

आता एक कबुली. माझा क्लासिकल नाद मला फार प्रिय आहे: गोल, भरीव, अपोयांदोने, म्हणजे छेडून बोट शेजारच्या तारेवर टेकवल्याने, खोल जाणारा. विद्यार्थ्यांच्या हातून तोच ऐकू यावा, लोकांनी ऐकताच माझा शिष्य ओळखावा, अशी माझी हाव आहे. क्लासिकल घ्यायला सांगण्यामागे तीही होती. फ्लामेंको गिटारचा सूर झटकन उमटतो आणि लवकर विझतो. 'रेकुएर्दोस दे ला आल्हांब्रा'च्या ट्रेमोलोला लागणारी सलग आस तिच्यात आयती मिळत नाही. ती हाताने कमवावी लागते.

तरी त्या विद्यार्थिनीला नेग्राच घ्यायला सांगितली. बाखचा लांब सूर तिच्या गिटारवर अर्ध्यात संपला की मी अजून अस्वस्थ होतो, आणि दर वेळी तिला तो पुन्हा वाजवायला लावतो.