फाट्यावरचे कुत्रे आणि पेटीतले कबूतर

फाट्यावर कोणी राहायला येत नाही. जो येतो तो दुसरीकडे जायला निघालेला असतो. हिंगोली जिल्ह्यातला वारंगा फाटा असाच. नांदेडहून अर्धापूर ओलांडून आलेला रस्ता इथे दुभंगतो. एक वाट बाळापूर, कळमनुरीवरून हिंगोलीला जाते, दुसरी हदगाव, उमरखेडवरून यवतमाळ-नागपूरकडे. तरीही वारंग्याला माणूस मुद्दाम थांबतो, ते खिचडीसाठी. गरम खिचडीची बशी हातात आली की पुढच्या गाडीची घाई आपोआप कमी होते.

आणि खिचडी म्हटली की चतुष्पाद आणि पाखरे आलीच! कावळे, साळुंक्या, एखादी आगाऊ शेळी, आणि एक तांबूस कुत्रे. गाडी थांबली की ते उठे, दारापाशी जाई, काही मिळो न मिळो, परत येऊन पडे. पुढच्या गाडीला पुन्हा हजर!

माझ्याबरोबर आमचे स्नेही प्रोफेसर होते. 1980 नंतरची काही वर्षे त्यांनी अमेरिकेतल्या एका विद्यापीठात कबुतरांवर प्रयोग करण्यात घालवली. ते म्हणाले, "अहो, हे कुत्रं म्हणजे माझ्या प्रबंधाचं दुसरं प्रकरण आहे!"

मग खिचडी निवेपर्यंत त्यांनी जे सांगितले ते थोडक्यात असे. बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने उंदरांसाठी, पुढे कबुतरांसाठी, एक पेटी केली. पेटीत एक कळ. तिच्यावर चोच मारली की कधी दाणे मिळतात, कधी मिळत नाहीत. हे 'कधी' ठरवण्यातच सारी गंमत. दाणे ठरावीक वेळानेच मिळणार असतील, तर कबूतर खाऊन झाल्यावर स्वस्थ बसते आणि वेळ भरत आली की चोचीचा सपाटा लावते. नेम नसेल, तर मात्र ते एकसारखे टोचत राहते. फर्स्टर आणि स्किनर यांनी 1957 साली यावर एक जाडजूड ग्रंथच लिहिला. कोणत्या गाडीतून पोळी पडेल याचा नेम नाही, म्हणूनच आमचे तांबूस कुत्रे एकही गाडी चुकवत नव्हते. लॉटरीची तिकिटे घेणाऱ्यांनी यावर जरूर विचार करावा!

पण हे वेळापत्रक सांभाळायचे कोणी? आधी कपाटभर रिले असत, अखंड खटखटणारे. प्रयोग बदलायचा तर तारा उपसून पुन्हा जोडायच्या. 1965 साली निघालेला पीडीपी-8 हा संगणक ते काम करी, पण त्याची किंमत 18,000 डॉलरच्या घरात. 1977 साली ॲपल टू आला तो 1,298 डॉलरला. मुलांनी घरी खेळ खेळावेत ते यंत्र प्रयोगशाळेत कबुतरांचा कारकून झाले. चोच पडली की ते वेळ टिपून घेई, योग्य क्षणी दाण्यांचे तबक वर उचली.

अडचण एकच होती. पेटीतली उपकरणे चालत 28 व्होल्टवर आणि संगणकाला मानवत फक्त 5. थेट जोडले की यंत्राचा निकाल! म्हणून मध्ये एक चिमुकला दुवा बसवत. इकडे दिवा लागला की उजेडाने तिकडे निरोप पोचे. वीज मात्र ओलांडून जात नसे. सोवळ्यातल्या आजीला लांबूनच ताट सरकवावे तसे.

"आता प्रयोग बदलायचा म्हणजे बेसिकच्या चार ओळी बदलायच्या," प्रोफेसर म्हणाले. "यंत्राला झोप नाही, कंटाळा नाही, आणि मुख्य म्हणजे आपलं म्हणणं खरं ठरावं अशी इच्छा नाही. ती आपल्याला असते!" मग जरा थांबून म्हणाले, "पण त्याला चोच दिसते, पक्षी दिसत नाही. कबूतर भुकेलं राहावं म्हणून त्याचं वजन एरवीच्या 80 टक्क्यांवर ठेवत. यंत्राच्या हिशेबात ती भूक कुठेच येत नसे."

समोर विजेच्या तारेवर एक वेडा राघू बसला होता. उडे, हवेतच किडा टिपी आणि पुन्हा तारेवर येई. याच पक्ष्यावर पुण्याच्या मिलिंद वाटवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोग केले. ते 2002 साली प्रसिद्ध झाले. तिथे पेटी नव्हती. वेड्या राघूचे घरटे म्हणजे मातीतले बीळ. माणूस जवळ असला की पक्षी आत शिरायला कचरतो. त्यांनी माणसाला साधारण सारख्याच अंतरावर दोन ठिकाणी उभे केले. एका ठिकाणाहून बीळ दिसे, दुसऱ्याहून दिसत नसे. जिथून बीळ दिसत नसे तिथे माणूस असला, तर पक्षी जास्त वेळा आत शिरे. म्हणजे समोरच्याला काय दिसते याचा अंदाज या 'वेड्या'ला होता! हा प्रश्न कोणत्याही यंत्राला आपणहून सुचला नसता. उत्तर मात्र पेटीतल्याच शिस्तीने, मोजून मिळाले.

तेव्हा वाचकहो, दिवाळीच्या सुट्टीत प्रवासाला निघालात, तर कोणत्याही फाट्यावर मुलांना तारेकडे पाहू द्या. राघू किती वेळा उडाला आणि किती वेळा किडा घेऊन परतला, हे त्यांना मोजायला सांगा. कागद आणि पेन्सिल पुरेल.