रविवारी संध्याकाळी मेस बंद असते

गेल्या आठवड्यात पुतणीचा फोन आला. बारावी झाली, पुण्यात इंजिनीअरिंगला नंबर लागला, हॉस्टेलही मिळालं. सगळं सांगून झाल्यावर हळूच म्हणाली, "काका, तिथं आपली मुलं असतात का? कुठं भेटतात?"

'आपली' म्हणजे ख्रिस्ती. मी पटापट माहिती दिली. स्टुडंट ख्रिश्चन मूव्हमेंट आहे, १९१२ पासूनची. कॅथलिक मुलांची आयकफ आहे, १९२४ पासूनची. युनियन ऑफ इव्हँजेलिकल स्टुडंट्सचं काम १९५४ पासून चालू आहे. शिवाय बऱ्याच कॉलेजांत पोरांनीच चालवलेले छोटे गट असतात. ती 'बरं' म्हणाली. फोन ठेवल्यावर जाणवलं, पत्ते सांगितले, पण सांगायचं ते राहूनच गेलं. ते इथं लिहितो. तिच्यासाठी आणि तुमच्यासाठीही.

मी २००४ साली नगर जिल्ह्यातल्या खेड्यातून पुण्याला आलो. आमच्याकडे ख्रिस्ती असणं म्हणजे मिशनच्या काळातलं कौलारू चर्च, उपासना संगीतातली गाणी, पेटी, तबला आणि टाळ. आम्ही प्रॉटेस्टंट, तरी सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीच्या यात्रेला जायचोच. कॉलेजात ख्रिस्ती मुलांचा गट आहे कळल्यावर पहिल्याच रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो.

एका रिकाम्या वर्गात वीस-पंचवीस जण. केरळची, मिझोरामची, मुंबईची मुलं. दोन गिटार, सगळं इंग्रजीत. माणसं चांगली होती, हसून हात मिळवायची. पण प्रार्थनेची पाळी आली की माझ्या तोंडून शब्द फुटायचा नाही. देवाशी बोलायचं तर आधी व्याकरण आठवावं लागायचं. आम्ही मराठी माध्यमाचे चार-पाच जण मागच्या बाकावर बसायचो. सात वाजता शेवटचं आमेन झालं की सगळे पांगायचे. रविवारी संध्याकाळी मेस बंद. कुणी हॉटेलात, कुणी नातेवाइकांकडे. मी वडापाव खाऊन रूमवर.

आमच्या बाकावर एक जालन्याचा मुलगा असायचा. कमी बोलायचा, गाताना मात्र डोळे मिटून गायचा. डिसेंबर जवळ आला तसं गटाने ठरवलं, नाताळला एक पुस्तिका काढू. प्रत्येकाचा फोटो, नाव, गाव, चर्च. त्यानंतर जालनेकर यायचा बंद झाला. पहिल्या रविवारी वाटलं, गावी गेला असेल. दुसऱ्या रविवारी काही वाटलंच नाही. तिसऱ्या रविवारी एक अनोळखी मुलगा वर्गाच्या दारात उभा राहिला. गळ्यात तुळशीची माळ, बीडचा, वारकरी घरातला. जालनेकराचा रूम पार्टनर.

"तुमचा माणूस काविळीनं पडलाय," तो म्हणाला. "दोन आठवडे झाले. मला वाटलं, तुमच्यापैकी कुणी येईल."

आम्ही सहा जण मोसंबी घेऊन गेलो. खोलीत रेक्टरपासून लपवलेली कॉइलची शेगडी होती. तिच्यावर हा माळकरी रोज मऊ भात शिजवत होता. त्याला दवाखान्यात नेणं, बादली धुणं, कपडे धुणं, सगळं एकट्याने. आमच्यातल्या एकाने लगेच डोळे मिटून प्रार्थना सुरू केली. जालनेकर पिवळ्या डोळ्यांनी बघत म्हणाला, "प्रार्थना करा, पण आधी ह्याला झोपू द्या. दोन रात्री झोपला नाही."

त्या रात्री मी आणि केरळचा एक जण तिथं बसलो आणि तो माळकरी आमच्या रूमवर जाऊन झोपला. माझ्या मते आमचा गट त्या रात्री सुरू झाला. आधीचं सगळं नुसतं जमणं होतं.

पहाटे कधीतरी जालनेकराने पुस्तिकेचं सांगितलं. घरात तीन पिढ्यांपासून बायबल, पण कागदावर धर्म हिंदू, जात अनुसूचित. त्याच कागदावर शिष्यवृत्ती. पुस्तिकेत फोटो आला आणि कुणी नेऊन दाखवला तर शिक्षण संपलं. यायचं थांबला ते लाजेने नाही, भीतीने.

कुणी याला खोटेपणा म्हणेल. म्हणणाऱ्याने १९५० चा राष्ट्रपतींचा आदेश जरूर वाचावा. अनुसूचित जातीचा दर्जा आधी फक्त हिंदूंना होता. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला. ख्रिस्ती आणि मुसलमान दलित आजही बाहेर. २००७ साली रंगनाथ मिश्र आयोगाने ही धर्माची अट काढा म्हणून सांगितलं. २०२२ साली केंद्राने या प्रश्नावर बालकृष्णन आयोग नेमला. आपल्या राज्यात आमच्यासारख्यांना ओबीसीत धरतात. माझ्या बापाने तो कागद घेतला, त्याच्या बापाने दुसरा. वस्ती तीच, विहीर तीच, शिव्याही त्याच. मी त्याला खोटारडा कोणत्या तोंडाने म्हणणार होतो?

पुस्तिका आम्ही रद्द केली. का, ते बाहेर कुणाला सांगितलं नाही.

मग हळूहळू काही गोष्टी बदलल्या. रविवारची सभा संपल्यावर खिचडी शिजायला लागली. एका बाईंनी, आमच्याच कॉलेजात शिकवायच्या, आपलं स्वयंपाकघर उघडून दिलं. तांदूळ-डाळीची वर्गणी दहा रुपये, नसेल त्याने भांडी घासायची. मिझोरामच्या मुलाला आमचा ठेचा इतका आवडला की सुट्टीत घरी बांधून नेला. कांदा चिरताना माणसं जे बोलतात ते गोल करून बसल्यावर बोलत नाहीत. कुणाचं एटीकेटी राहिलंय, कुणाच्या घरी पैसे संपलेत, कुणाला नुसतंच रडू येतंय, हे सगळं तिथं कळलं.

दुसरं, प्रार्थना ज्याने त्याने आपल्या भाषेत करायची असं ठरलं. मल्याळममधली प्रार्थना मला एका अक्षराने कळायची नाही, पण आमेन कुठं म्हणायचं ते कळायचं. गिटारशेजारी टाळ आले. रेव्हरंड टिळकांची गाणी केरळच्या पोरांनी मल्याळम लिपीत लिहून घेतली.

तिसरं, कोण आलं याची वही आम्ही बंद केली आणि कोण आलं नाही याची सुरू केली. सोमवारी रात्रीपर्यंत त्या प्रत्येकाच्या खोलीचं दार कुणीतरी वाजवायचंच. 'का आला नाहीस' असं विचारायचं नाही. 'जेवलास का' असं विचारायचं.

भांडणंही झाली. एका सीनियरचं म्हणणं होतं की, गट वाढला पाहिजे, प्रत्येकाने एकेक मित्र आणावा, त्या माळकऱ्यालाही आणा. तळमळ खरी होती त्याची. पण माझं डोकं फिरलं. म्हटलं, त्याने आपल्या माणसाची बादली धुतली आणि आपण त्याला आकड्यात धरायचं? तो खिचडीला येईल, मित्र म्हणून येईल, माळ घालूनच येईल. दोन महिने आमचं बोलणं नीट नव्हतं. नंतर एकदा त्याच सीनियरने सगळ्यांना सांगितलं की, नारायण वामन टिळकांनी १९१७ साली 'देवाचा दरबार' काढला तेव्हा त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा ठेवली होती. बोलून माझ्याकडे बघून हसला. मिटलं.

माळकरी शेवटच्या वर्षापर्यंत खिचडीला येत राहिला. तो माळकरी राहिला, आम्ही ख्रिस्ती राहिलो. जालनेकर आज सरकारी नोकरीत आहे. कुठं, ते मी लिहिणार नाही. वीस वर्षांनंतरही त्याला त्याचं नाव लपवावं लागतंय, ही लाज त्याची नाही.

आज चार ख्रिस्ती पोरं एका खोलीत गाताना दिसली तरी काहींना संशय येतो, आत काय चाललंय म्हणून. आमच्या खोलीत काय चालायचं ते वर लिहिलंय. आणि आपल्या मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना एक विनंती. शहरात शिकणाऱ्या मुलांना फोन करून 'चर्चला जातोस ना' एवढंच विचारू नका. रविवारी रात्री तो कुठं जेवतो, तेही विचारा. पुण्यात, संभाजीनगरात, नाशकात ज्यांचं घर आहे, त्यांनी महिन्यातून एक रविवार दोन पोरं जेवायला बोलवावीत. कोणत्या धर्माची, कोणत्या जातीची, ते विचारू नये.

काल पुतणीला परत फोन केला. म्हटलं, "गट कुठला ते तू ठरव. फक्त एक बघ. तू दोन रविवार गेली नाहीस, तर तुझं दार कुणी वाजवतं का?"

ती म्हणाली, "आणि नाही वाजवलं तर?"

"तर तू दुसऱ्याचं वाजव."