चढाईचा मास्तर

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. बुधवारची दुपार होती. हिंजवडीत बसून मी कुणाच्या तरी कोडवर कॉमेंट टाकत होतो आणि गावच्या मंडळाच्या ग्रुपवर मेसेज पडला. 'मुंबई कमिटीचा निर्णय. यंदापासून चढाईसाठी वेगळा मास्तर. मुलगा रोह्याकडचा आहे. स्पर्धेआधी एक महिना गावात राहील. मानधन 15,000.' खाली तीन हात जोडलेले.

संध्याकाळी लॅपटॉप बंद केला तेव्हा दोनशेच्या वर मेसेज साठले होते. आमचं गाव पोलादपूरपासून आत, सावित्रीच्या वरच्या अंगाला. माणसं गावात कमी आणि विरार, घाटकोपर, महाड एमआयडीसीत जास्त. पण कबड्डीचा विषय निघाला की सगळे एका ओट्यावर बसल्यासारखे भांडतात. रोह्याचा म्हणजे कुठल्या संघाचा? ज्यांनी आपल्याला महाडात पाडलं त्यांचा तर नाय? जेवायला कुणाकडे? पंधरा हजारांत मैदानावर चांगली माती पडली असती. एकाने लिहिलं, 'आपली पोरं काय मेली काय?' त्याला सव्वीस अंगठे.

तो शिकवणार काय, हे एकानेही विचारलं नाही. आणि तात्यांचं नावही कुणी काढलं नाही.

तात्या माझे सख्खे चुलते. एमआयडीसीतल्या एका कंपनीतून रिटायर झाले. बावीस वर्षं संघ त्यांच्याकडे आहे, एक रुपया न घेता. स्वतः डावा कोपरा खेळायचे. चढाईला आलेल्याचा घोटा त्यांच्या पंजात गेला की तो मातीतच जायचा, असं म्हातारे अजून सांगतात. त्यामुळे आमचा संघ पकडीचा. चढाईबद्दल तात्यांचं शास्त्र एका वाक्याचं होतं, 'काय नाय मिळालं तरी चालंल, पण जिता परत ये.' म्हणजे जाऊन यायचं, दम काढायचा, आणि समोरचा आपल्या अंगणात आला की धरायचा.

हे शास्त्र खोटं नव्हतं. नियम बदलला. प्रो कबड्डीत सगळ्यांनी पाहिलेली 'करो या मरो' चढाई आता आमच्याकडच्या स्पर्धांतही लावतात. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणायचा, नाहीतर चढाई करणाराच बाद. आमची पोरं दोनदा जिवंत परत यायची आणि तिसऱ्यांदा मरायला जायची. समोरचा संघ तर त्या तिसरीचीच वाट बघत उभा असायचा.

हे मला माहीत होतं, कारण मी ते मोजलं होतं. आदल्या वर्षीच्या सहा सामन्यांचे मोबाईलवर काढलेले व्हिडिओ बघून एक्सेलमध्ये भरलं. करो या मरो चढाया 41. त्यातल्या गुण देणाऱ्या 9. फाइल मुंबई कमिटीच्या सेक्रेटरींना पाठवली, वर एक रंगीत चार्टही चिकटवला. ऑफिसात हेच करतो ना आपण, आकडे पाठवायचे आणि पुढचं वरच्यांनी बघायचं. मास्तर आणायचा ठराव त्या फाइलवरून झाला. ग्रुपवर ते तीन-चार जणांनाच ठाऊक होतं, आणि मी गप्प बसलो.

गप्प बसण्याचा आणि ओरडण्याचा असा माझा जुना अनुभव आहे.

2019 साली प्रो कबड्डीच्या सातव्या हंगामाआधी पुणेरी पलटणने अनुप कुमारला मुख्य प्रशिक्षक केलं. मी तेव्हा लोणेऱ्याला शेवटच्या वर्षाला होतो. महाड-पोलादपूरकडून पुणं जवळ, वरंधा घाट चढलं की झालं. पण आमचं मन मुंबईचं, कारण प्रत्येक घरातला एक तरी माणूस तिथे. त्यामुळे आम्ही यू मुंबाचे. आणि यू मुंबा म्हणजे अनुप. 2014 च्या पहिल्या हंगामात जयपूरकडून फायनल हरलो, 2015 ला बंगळुरूला 36-30 हरवून जिंकलो, दोन्ही वेळा कर्णधार तोच. भारताला 2016 चा विश्वचषक मिळाला तेव्हाही कर्णधार तोच. माणूस हरयाणाचा, पण आमच्या लेखी लालबागचा. त्यानं खेळणं सोडलं डिसेंबर 2018 मध्ये, आणि काही महिन्यांत पुण्याच्या बाकावर?

हॉस्टेलवर आम्ही किती बोललो त्याला हिशेब नाही. गद्दार इथपासून सुरुवात. पुण्याचे दोन मित्र नाचत होते, आता चढाई बघा म्हणून. त्यांचा तर्क सरळ होता. बोनसचा बादशहा शिकवणार म्हटल्यावर पलटणचा प्रत्येक पोरगा बोनस आणणार. आमचा तर्क त्याहून सरळ होता. आमचं घेऊन गेला. हंगाम सुरू झाला, वरळीच्या डोममध्ये मुंबईने पुण्याला हरवलं आणि आम्ही मेसची भांडी वाजवली. पलटण त्या वर्षी बारा संघांत दहावी आली. विजेतेपद बंगाल वॉरियर्सला, ज्यांचे प्रशिक्षक बी. सी. रमेश होते. त्यांच्या नेमणुकीवर आमच्यापैकी कुणी एक शब्दही बोललेला मला आठवत नाही.

पुढचं मला जास्त बोचतं. पुढच्या हंगामातही अनुपच पलटणचा प्रशिक्षक होता. तेव्हा त्याच्या संघात अस्लम इनामदार आणि मोहित गोयत ही दोन नवी पोरं चढाईला उतरली. अस्लम आपल्या नगर जिल्ह्यातला. नंतर अनुप गेला, रमेश आले. 1 मार्च 2024 ला हैदराबादला हरयाणा स्टीलर्सला 28-25 हरवून पलटण पहिल्यांदा चॅम्पियन झाली. कर्णधार अस्लम. मग ही चढाई कुणाची म्हणायची? पेरलं एकानं, राखलं दुसऱ्यानं, आणि पळाली तर शेवटी पोरंच. आम्ही मात्र 2019 लाच निकाल लावून मोकळे.

नेमणूक झाली की आपण पहिल्यांदा विचारतो तो कुणाचा. 2018 ला यू मुंबाने इराणचे गुलामरेझा माझंदरानी आणले तेव्हाही माझ्या मित्रांनी हेच विचारलं होतं, की कबड्डी आपली आणि शिकवणार इराणी? त्याच वर्षी जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत इराणच्या बायकांनी भारताला 27-24 हरवून सुवर्ण नेलं. त्यांना शिकवणाऱ्या शैलजा जैन आपल्या नाशिकच्या. तिकडेही कुणीतरी विचारलंच असेल, ही कोण आणली म्हणून.

हे सगळं मला माहीत असूनही रोह्याच्या मुलाला गावात पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझ्या मनात आलं, हा? बारीक, तिशीचा, चष्मा. जेवायला शेवटी आमच्याच घरी होता. मी नाताळच्या सुट्टीत आठ दिवस गावी होतो, तेव्हा रोज संध्याकाळी जाऊन बघायचो. त्यानं पहिले दोन दिवस कुणाला पळू दिलं नाही. मैदानावर सात चपला बचावपटूंसारख्या मांडल्या आणि पोरांना तोंडाने सेकंद मोजत चढाई करायला लावली. तीस सेकंद. पहिल्या दहात हात उचलायचा नाही, नुसते पाय. निदान रेषा ओलांडल्याशिवाय परतायचं नाही. बोनसला पुढचा पाय रेषेपलीकडे टेकला की मागचा वर पाहिजे, तो वर आहे का हे तो जमिनीला गाल लावून बघायचा. गडग्यावर बसलेली माणसं हसायची. 'चपलांना बाद करतोय,' असा व्हिडिओ ग्रुपवर गेला.

तात्या मैदानाकडे फिरकले नव्हते. चौथ्या रात्री जेवण झाल्यावर ते पडवीत आले. मास्तर आत झोपला होता. मला म्हणाले, "ते गणित तू काढलंस ना?"

मी हो म्हटलं.

"एक्केचाळीसमधल्या नऊ?"

"हो."

बराच वेळ तंबाखू मळत राहिले. मग म्हणाले, "मला दाखवायचं होतंस. मला काय आकडं कळत नाय?"

मी काय बोलणार? त्यांना वाईट वाटेल म्हणून दाखवलं नाही, असं मी स्वतःला सांगत आलो होतो. खरं तर त्यांना समजणार नाही असं मी धरून चाललो होतो. बावीस वर्षं सामना बघणाऱ्या माणसाला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते हाफ पँट घालून मैदानात आले. कुणाशी न बोलता डाव्या कोपऱ्यातली चप्पल पायाने बाजूला सारली आणि तिथे उभे राहिले. मास्तरने काही विचारलं नाही, पुढच्या पोराला नुसतं 'जा' म्हणाला. तीन पोरं गेली, तिघांचे घोटे तात्यांनी धरले. सत्तरीच्या जवळचा माणूस. गडग्यावर टाळ्या पडल्या, आणि मलाही वाटलं की आता मास्तरचं काही खरं नाही.

चौथा पोरगा निघाला तेव्हा तात्यांनी हात वर करून त्याला थांबवलं. म्हणाले, "माझ्या हाताकडं बघतोस म्हणून मरतोस. गुडघ्याकडं बघ. आधी गुडघा वाकतो, मग हात येतो. वाकला की लाथ मार नि माघारी हो." मग मास्तरकडे वळून, "बरोबर ना, मास्तर?" मास्तर म्हणाला, "तात्या, हे मला कुणी सांगितलं नव्हतं."

अख्ख्या तालुक्यात ज्या गोष्टीवर त्यांचं नाव होतं, ती त्यांनी अशी उभ्या उभ्या सांगून टाकली. पाचव्या पोराने लाथ मारून त्यांना बाद केलं. तात्या मुकाट्याने बाहेर जाऊन बसले, नियमाप्रमाणे.

जानेवारीत आम्ही उपांत्यपूर्व फेरीत तीन गुणांनी हरलो. पकडीतच हरलो, चढाईत नाही. करो या मरोमध्ये पोरांनी निम्म्याहून जास्त वेळा गुण आणले. ते मी पुन्हा मोजलं आहे. ग्रुपवर मात्र रात्री अकराला सुरू झालं. पंधरा हजार पाण्यात. मास्तर बदला. पुढच्या वर्षी पेणचा आणा, अलिबागचा आणा. एकाने तर लिहिलं की तात्या असते तर पकड ढिली पडली नसती. तात्या होतेच, बाकावर मास्तरच्या शेजारी.

त्यांच्याकडे बटनांचा फोन आहे, ग्रुप त्यांना दिसत नाही. सकाळी त्यांनी मला फोन केला.

"त्या पोराचं पैसं दिलं का कमिटीनं?"

"निम्मे राहिलेत."

"सेक्रेटरीला सांग, आज दे म्हणावं. आणि तुझं नवीन गणित काढलं असंल तर घेऊन ये. आधी मला दाखव."