पाचर

दुधाचे कॅन चढवताना कमर धरू लागली, तेव्हा बेळगावातल्या आमच्या धाकट्या भावाने पिकअपचा मागचा भाग खाली घेतला. पाटा चासीला जोडणाऱ्या शॅकलपट्ट्या आखूड केल्या, बस्स! गाडी उतरली, पण पन्नासच्या वेगाला थरथरू लागली. सगळ्यांचा संशय चाकांवर. कानडी-मराठी एका दमात बोलणारे आमचे मेस्त्री मात्र थेट प्रोपेलर शाफ्टखाली शिरले.

शाफ्टच्या दोन टोकांना दोन क्रॉस. क्रॉस कोनात फिरला की एका फेऱ्यात वेग दोनदा वाढतो, दोनदा घटतो. पुढच्या क्रॉसची ही ओढाताण मागचा फेडतो, पण गिअरबॉक्सचा दांडा आणि डिफरन्शियलचे नाक समांतर असेल तरच. पट्ट्या आखूड झाल्या, नाक खाली झुकले, हिशेब फिसकटला. क्रॉस तुटून शाफ्ट रस्त्यावर आपटला असता, तोही चोर्ला घाटात, तर?

मेस्त्रींनी पाट्याखाली, आसावर लोखंडी पाचर बसवली, जाड टोक मागे. एरवी पाचर मारणारा कोणाला आवडतो! कोन मात्र त्यांनी कॅन भरूनच मोजला. “रिकाम्या गाडीचा कोन काय कामाचा ओ?”

थरथर गेली. फळी तेवढीच खाली राहिली. भावाच्या कमरेला तेच हवे होते.